खेळ रंगतो, चित्र विरते : गेमच्या चित्रणासाठी एन्कोडिंगची निवड कशी करावी?

यवतमाळ : गेम खेळताना पडद्यावर दिसणारे चित्र लख्ख असते. तेच चित्रण फाइलमध्ये साठवून यूट्यूबवर चढविले, की गवताचा हिरवा लगदा होतो, पळणारा खेळाडू चौकोनी ठिपक्यांत विरघळतो आणि कोपऱ्यातले गुण वाचता येईनासे होतात. यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेड येथील एखाद्या तरुणाला असा अनुभव आला, की दोष बहुधा संगणकाच्या जुनेपणाला दिला जातो. नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात अनेकदा खोट असते ती चित्रण साठविताना निवडलेल्या सेटिंगमध्ये आणि ती दुरुस्त करण्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

गेमच्या चित्रणाला अलीकडच्या काळात आलेले महत्त्व लक्षात घेता हा विषय समजून घेणे अगत्याचे ठरते. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील काही निवडक गेमर्सशी संवाद साधला. त्यात मुंबईचे नमन माथुर ऊर्फ 'मॉर्टल' आणि मिथिलेश पाटणकर ऊर्फ 'मिथपॅट' यांचा समावेश होता. या दोघांची ओळख प्रामुख्याने त्यांच्या चित्रणांमधूनच देशभर पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली. मात्र ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्यामुळे स्पर्धेत खेळू पाहणाऱ्या मुलांसाठी स्वतःच्या सामन्याचे स्वच्छ चित्रण हे कौशल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. गेलेला सामना पुन्हा तसाच खेळता येत नाही. म्हणूनच चित्रण बिघडले तर नुकसान केवळ एका फाइलचे होत नाही.

एन्कोडिंग म्हणजे काय?

पडद्यावरील चित्र हे लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते. १०८०पी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले आणि सेकंदाला अशी ६० चित्रे म्हणजे फ्रेम साठवायच्या ठरविल्या, तर एका सेकंदाला सुमारे ३७३ मेगाबाइट जागा लागेल. एका तासाच्या खेळासाठी हा आकडा १३४० गिगाबाइटच्या पुढे जातो. घरगुती संगणकाला हे झेपणारे नाही आणि इंटरनेटवरून पाठविणे तर अशक्यप्राय आहे. ही माहिती आटोपशीर करण्याच्या प्रक्रियेला एन्कोडिंग म्हणतात.

कापसाच्या या जिल्ह्यात ही गोष्ट समजण्यास सोपी आहे. वेचणी करून आणलेला कापूस जसाच्या तसा दूरच्या गिरणीकडे धाडला जात नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधली जाते. एन्कोडरही आधी डोळ्यांना सहसा न जाणवणारी माहिती बाजूला काढतो आणि मग उरलेली घट्ट बांधतो. फरक इतकाच, की सरकीला बाजारात वेगळा भाव मिळतो. एन्कोडरने टाकून दिलेली माहिती मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. ती किती टाकायची, हे सेटिंगमधून ठरते.

एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम साठविली जाते. तिला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढेच नोंदविले जाते. बातम्या सांगणाऱ्या निवेदकाच्या चित्रात मागचा पडदा स्थिर असतो, त्यामुळे बदल थोडा असतो. गेममध्ये खेळाडूने मान वळविली, की सगळा पडदाच बदलतो. गवत, झाडांची पाने, पाऊस, धूर, स्फोटाच्या ठिणग्या या गोष्टी तर एन्कोडरची खरी परीक्षा पाहतात. त्यातच गुण, नकाशा, उरलेली शस्त्रे दाखविणारी बारीक अक्षरे काठावर स्थिर असतात आणि ती सुबक दिसणेही आवश्यक असते. चित्रपटासाठी पुरेशी ठरणारी सेटिंग गेमला अपुरी पडते, त्यामागील कारण हे आहे.

खेळाखेळात फरक

सर्वच गेमना सारखी जागा लागत नाही. बुद्धिबळ, लुडो, कॅरम यांसारख्या खेळांत पडदा जवळपास स्थिर असतो. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यानंतर विदर्भातील ज्या मुलांना आपल्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या डावांचे चित्रण करावेसे वाटेल, त्यांना प्रतिसेकंद ३० फ्रेम आणि अगदी मर्यादित बिटरेट पुरेसा आहे.

पुण्यात तयार झालेल्या दोन गेमची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि संथ असतो. महाल, कोरीव खांब आणि भित्तिचित्रे यांचे तपशील महत्त्वाचे असतात. अशा गेममध्ये फ्रेमची संख्या कमी ठेवून प्रत्येक फ्रेमचा दर्जा वाढविणे शहाणपणाचे. सुपरगेमिंग या पुण्याच्याच कंपनीचा 'इंडस' हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला गेम रणांगणाच्या प्रकारातला आहे. तेथे दृष्टी सतत वळते आणि नेमबाजी क्षणार्धात होते. त्यासाठी ६० फ्रेम उपयुक्त ठरतात आणि त्या ओघाने बिटरेटही वाढवावा लागतो. 'बीजीएमआय'सारख्या लोकप्रिय गेमलाही हाच नियम लागू पडतो.

साठविणे वेगळे, पाठविणे वेगळे

या विषयातील सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. खेळताना चित्रण साठविणे आणि ते इंटरनेटवर पाठविणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि त्यांच्या सेटिंगही स्वतंत्र असाव्या लागतात. साठविताना जागा थोडी जास्त गेली तरी चालते, कारण फाइल घरच्याच डिस्कवर असते. पाठविताना मात्र प्रत्येक मेगाबाइटचा हिशेब करावा लागतो. अनेक जण यूट्यूबसाठी सांगितलेला बिटरेट चित्रण करतानाच लावतात. नंतर संपादन करताना फाइल पुन्हा एन्कोड होते, यूट्यूबवर गेल्यावर तिसऱ्यांदा होते. प्रत्येक वेळी थोडे थोडे गळत जाते आणि प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते चित्र फिकट व धूसर असते.

साठविण्यासाठी बिटरेट ठरवून देण्यापेक्षा दर्जा ठरवून देणारी पद्धत श्रेयस्कर आहे. एक्स२६४ या प्रसिद्ध एन्कोडरमध्ये तिला सीआरएफ म्हणतात, ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरमध्ये सीक्यूपी किंवा सीक्यू असे नाव असते. येथे उलटा हिशेब आहे, हे ध्यानात ठेवावे. आकडा जितका लहान, तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. एक्स२६४ मध्ये नेहमीच्या चित्रांसाठी हा आकडा ० ते ५१ असा असून काहीही न बदलल्यास तो २३ असतो. गेमच्या मूळ चित्रणासाठी १८ ते २१ हा टप्पा चांगला मानला जातो. आकडा ६ ने वाढविला तर फाइल साधारण निम्मी होते आणि ६ ने कमी केला तर जवळपास दुप्पट होते. या पद्धतीचा लाभ असा, की मेनू किंवा प्रतीक्षेच्या स्थिर दृश्यात एन्कोडर जागा वाचवितो आणि चकमक सुरू झाली की सढळ हाताने वापरतो.

प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

एन्कोडिंगचे काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर करू शकतो किंवा ग्राफिक्स विभागात बसविलेला स्वतंत्र भाग करू शकतो. इंटेलने २०११ पासून आपल्या अनेक प्रोसेसरमध्ये क्विक सिंक ही सोय दिली. एनव्हिडियाने २०१२ पासून आपल्या कार्डांत एनव्हीईएनसी आणले. एएमडीच्या कार्डांतही अशीच व्यवस्था आहे. याचा अर्थ, काही वर्षांपूर्वीच्या साध्या लॅपटॉपमध्येही ही सोय दडलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

खेळताना चित्रण करायचे असेल तर हा स्वतंत्र भाग वापरणे इष्ट. प्रोसेसरवर भार पडत नाही आणि गेम अडखळत नाही. समान आकाराच्या फाइलमध्ये प्रोसेसरवरील संथ एन्कोडिंग अधिक सुबक चित्र देऊ शकते, हे खरे आहे. परंतु खेळ चालू असताना त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून खेळताना ग्राफिक्स विभागावर चित्रण करावे आणि पाठविण्याची प्रत रात्री निवांत प्रोसेसरवर तयार करावी, ही विभागणी सोयीची आहे. एक्स२६४ मध्ये वेगाचे टप्पे असतात. 'अल्ट्राफास्ट' सर्वांत वेगवान, 'मीडियम' मधला, 'स्लो' आणि त्यापुढचे संथ. टप्पा संथ केला की त्याच दर्जासाठी फाइल लहान होते, मात्र वेळ वाढतो. 'मीडियम' किंवा 'स्लो'च्या पुढे जाण्यात घरगुती वापरासाठी फारसे हशील नाही.

यवतमाळच्या उन्हाळ्याचाही येथे विचार करावा लागतो. पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा लॅपटॉप आणि मोबाइल लवकर तापतात आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतात. सकाळी सुरळीत चालणारी सेटिंग दुपारी फ्रेम गाळू लागली, तर बिघाड शोधण्याआधी ही शक्यता तपासावी. ६० ऐवजी ३० फ्रेम ठेवल्यास एन्कोडरवरील भार जवळपास निम्मा होतो.

कोणता कोडेक?

एच.२६४ हे मानक २००३ मध्ये आले आणि आजही ते जवळपास प्रत्येक मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते. २०१३ मध्ये आलेले एच.२६५ किंवा एचईव्हीसी त्याच दर्जासाठी बरीच कमी जागा घेते. २०१८ मध्ये जाहीर झालेले एव्ही१ हे त्याहूनही काटकसरी असून वापरासाठी स्वामित्वशुल्क नसावे या हेतूने ते घडविण्यात आले. मात्र एव्ही१ मध्ये चित्रण करू शकणारी इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डे २०२२ पासूनच बाजारात आली. त्याआधीच्या कार्डांवर तो पर्याय दिसणार नाही.

निवडीचा नियम सोपा आहे. संपादन करायचे असेल आणि संगणक जुना असेल तर एच.२६४ घ्यावे. डिस्कवर जागा कमी असेल आणि कार्ड नवे असेल तर एचईव्हीसी किंवा एव्ही१ घ्यावे. यूट्यूब या तिन्ही प्रकारच्या फाइल स्वीकारते. त्यामुळे ज्यांची अपलोडची गती कमी आहे त्यांना नव्या कोडेकचा लाभ अधिक होतो.

वीज गेली तर?

ग्रामीण भागात आणि पावसाळ्याच्या तोंडावर शहरातही वीज अचानक जाणे नवलाचे नाही. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. डेस्कटॉप संगणक मात्र त्याच क्षणी बंद पडतो. अशा वेळी फाइल कोणत्या प्रकारची होती यावर चित्रण वाचणार की जाणार हे ठरते.

नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कोठे आहे याची अनुक्रमणिका चित्रण थांबविल्यानंतर लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर ती लिहिलीच जात नाही आणि दोन तासांची फाइल डिस्कवर असूनही उघडत नाही. एमकेव्ही या प्रकारात ही अडचण येत नाही. वीज जाईपर्यंतचे चित्रण बहुतांशी शाबूत राहते. ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्हीत चित्रण करून नंतर 'रीमक्स' या सोयीने तिचे एमपी४मध्ये रूपांतर करता येते. त्यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि कामही लवकर उरकते. याच सॉफ्टवेअरच्या २०२४ मधील ३०.२ या आवृत्तीपासून 'हायब्रिड एमपी४' हा पर्याय आला आहे. तोही अशा प्रसंगी चित्रण वाचविण्याच्या दृष्टीनेच तयार केलेला आहे. स्पर्धेच्या सामन्याआधी एवढी एक सेटिंग तपासली तरी मोठे नुकसान टळते.

पेनड्राइव्हवर फाइल नेणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. १२ मेगाबिटच्या बिटरेटने ही मर्यादा सुमारे ४७ मिनिटांत गाठली जाते. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास ही अडचण दूर होते. त्याआधी त्यावरील जुना मजकूर दुसरीकडे काढून ठेवावा.

पाठविण्याचा हिशेब

यूट्यूबने अपलोडसाठी सुचविलेले बिटरेट आणि त्यानुसार एका तासाच्या फाइलचा अंदाजे आकार असा :

• ७२०पी, ३० फ्रेम : ५ मेगाबिट प्रतिसेकंद, तासाला २.२५ गिगाबाइट
• ७२०पी, ६० फ्रेम : ७.५ मेगाबिट, सुमारे ३.४ गिगाबाइट
• १०८०पी, ३० फ्रेम : ८ मेगाबिट, ३.६ गिगाबाइट
• १०८०पी, ६० फ्रेम : १२ मेगाबिट, ५.४ गिगाबाइट
• १४४०पी, ६० फ्रेम : २४ मेगाबिट, १०.८ गिगाबाइट
• २१६०पी, ६० फ्रेम : ५३ ते ६८ मेगाबिट, २४ ते ३१ गिगाबाइट

हा हिशेब कोणालाही करता येतो. बिटरेटच्या आकड्याला सेकंदांनी गुणावे आणि ८ ने भागावे; उत्तर मेगाबाइटमध्ये येते. १२ मेगाबिटने २० मिनिटांचे चित्रण १८०० मेगाबाइट म्हणजे १.८ गिगाबाइट होते. मोबाइलवर दिवसाला २ गिगाबाइट डेटा मिळत असेल तर एका चित्रणातच तो संपत आल्यासारखे आहे. वेळेचाही प्रश्न आहे. अपलोडची गती सेकंदाला २ मेगाबिट असेल तर हीच फाइल चढण्यास २ तास लागतात, ५ मेगाबिट असेल तर ४८ मिनिटे आणि २० मेगाबिट असेल तर १२ मिनिटे. शहरात फायबरची जोडणी असलेल्या घरात आणि तालुक्याच्या गावाबाहेर मोबाइलवर अवलंबून असलेल्या घरात योग्य सेटिंग एकच असू शकत नाही, ते यामुळेच. गती मोजताना डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा आकडा पाहावा; दोहोंत मोठी तफावत असू शकते.

गती कमी असल्यास काय सोडायचे, याचा क्रम ठरवून घ्यावा. बिटरेट खाली ओढून १०८०पीचा हट्ट धरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ५ मेगाबिटमध्ये १०८०पी आणि ६० फ्रेम बसविल्यास प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला ०.०४ बिट येते. तेवढ्याच जागेत ७२०पी आणि ३० फ्रेम ठेवल्यास ०.१८ बिट, म्हणजे साडेचार पट माहिती मिळते. मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्याला स्वच्छ ७२०पी हे विरलेल्या १०८०पीपेक्षा अधिक सुखद वाटते. संथ खेळ असेल तर आधी फ्रेम कमी कराव्यात. वेगवान खेळ असेल तर आधी चित्राचा आकार कमी करावा.

पाठविण्याची प्रत तयार करण्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे आहे. त्यात दर्जाचा आकडा २० ते २२, वेगाचा टप्पा 'मीडियम' किंवा 'स्लो' आणि फाइलचा प्रकार एमपी४ निवडावा. फाइल नेमक्या ठरावीक आकारात बसवायची असेल तरच सरासरी बिटरेट आणि दोन फेऱ्यांचा पर्याय वापरावा. मित्राला मूळ चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचे असल्यास ते व्हिडिओ म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. अन्यथा ते पुन्हा आकसले जाते. २०२२ पासून तेथे २ गिगाबाइटपर्यंतची फाइल अशा रीतीने पाठविता येते.

मोबाइलवरील चित्रण

जिल्ह्यातील बहुसंख्य तरुणांच्या हाती संगणकाऐवजी मोबाइल आहे. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून पडदा चित्रित करण्याची सोय फोनमध्येच मिळू लागली. गेमचा आवाज थेट टिपण्याची तरतूद त्याच्या आधीच्या अँड्रॉइड १० मध्ये झाली होती. अर्थात काही गेम स्वतःहून ही परवानगी नाकारतात.

मोबाइलच्या चित्रणात फ्रेमची संख्या सतत कमी-अधिक होत असते. पाहताना ते जाणवत नाही, परंतु संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर आवाज आणि चित्र यांची फारकत होते; गोळी आधी सुटते आणि आवाज नंतर येतो. उपाय असा, की संपादनापूर्वी फाइल हँडब्रेकमधून काढून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' हा पर्याय निवडावा. दुसरी बाब पडद्याच्या आकाराची. २४०० बाय १०८० ठिपक्यांचा लांबट पडदा १९२० रुंदीत आणायचा झाल्यास उंची ८६४ येते. ती बळेच १०८० केल्यास माणसे उंच आणि बारीक दिसू लागतात. प्रमाण तसेच राखावे. वर-खाली काळी पट्टी आली तरी बिघडत नाही.

मराठी अक्षरे का फुटतात?

चित्रावर मराठी नाव, गुणफलक किंवा टिपणी टाकणाऱ्यांना एक वेगळीच अडचण भेडसावते. नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण साठविली जाते. रंगाची माहिती मात्र आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी केली जाते. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे टाकली, की त्यांच्या कडा पसरतात. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला याचा फटका अधिक बसतो, कारण अनुस्वार, रफार, वेलांटी यांसारखी बारीक चिन्हे थोड्याच ठिपक्यांत सामावलेली असतात. 'चंद्र' आणि 'चद्र' यांतला फरक तेवढ्याने पुसला जातो. पांढरी अक्षरे, त्यांना काळी किनार आणि ठळक, मोठा टाइप हा यावरील साधा इलाज आहे. उजेडाची माहिती शाबूत असल्याने काळ्या-पांढऱ्याची कड स्पष्ट राहते.

रंग फिके किंवा काळपट दिसत असतील तर बहुधा रंगमर्यादेची सेटिंग जुळलेली नसते. चित्रण आणि संपादन दोन्हीकडे रेक.७०९ आणि 'लिमिटेड' हा पर्याय ठेवल्यास ही तक्रार सहसा उरत नाही. गेममध्ये 'फिल्म ग्रेन' नावाचा दाणेदार परिणाम चालू असेल तर तो बंद करावा. ते दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात आणि एन्कोडरची जागा नाहक खातात.

आवाजासाठी एएसी आणि ४८ किलोहर्ट्झ हे पर्याय योग्य आहेत. गेमचा आवाज आणि स्वतःचे बोलणे वेगवेगळ्या ट्रॅकवर साठविल्यास नंतर त्यांचा समतोल साधता येतो. एकत्र साठविलेले आवाज वेगळे करणे अवघड जाते.

सामन्यापूर्वीची तपासणी

महत्त्वाच्या सामन्याआधी तीन मिनिटांचे चाचणी-चित्रण करावे. ते मेनूचे नको. गेममधील सर्वांत दाट गवत, धूर आणि धावपळ असलेल्या जागेचे असावे. ओबीएसमधील आकडेवारीच्या खिडकीत 'एन्कोडिंग लॅग'पुढे फ्रेम गळताना दिसल्या तर एन्कोडरवर भार अधिक आहे. अधिक वेगवान टप्पा निवडावा किंवा फ्रेम कमी कराव्यात. 'रेंडरिंग लॅग'पुढे आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेममध्येच गुंतले आहे. गेमची दृश्यसेटिंग खाली आणावी किंवा गेमची फ्रेमसंख्या ६० वर रोखावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पुढील निवड पुरेशी आहे :

• फाइलचा प्रकार : एमकेव्ही, नंतर रीमक्स करून एमपी४
• एन्कोडर : ग्राफिक्स विभागातील एच.२६४
• दर्जा : सीक्यूपी २०, जागा कमी असल्यास २३
• आकार : १०८०पी, जुन्या संगणकावर ७२०पी
• फ्रेम : वेगवान खेळासाठी ६०, संथ खेळासाठी ३०, आणि त्या स्थिर
• की-फ्रेमचे अंतर : २ सेकंद
• आवाज : एएसी, ४८ किलोहर्ट्झ, दोन स्वतंत्र ट्रॅक

थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी मात्र नियम बदलतात. तेथे दर्जा ठरविण्याची पद्धत चालत नाही. स्थिर बिटरेट म्हणजे सीबीआर ठेवावा लागतो आणि तो प्रत्यक्ष अपलोड गतीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक नसावा. जोडणी डळमळीत असेल तर प्रक्षेपणाबरोबरच एक प्रत घरच्या डिस्कवर साठवावी. इंटरनेट तुटले तरी सामना हाती राहतो.

दुसऱ्याच्या सेटिंग जशाच्या तशा उतरवून घेण्याने काम भागत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. मुंबई-पुण्यात वेगवान जोडणी आणि नवे कार्ड असलेल्याचे आकडे घाटंजी किंवा झरी-जामणीच्या घरात कुचकामी ठरू शकतात. आपल्याकडे काय तोकडे आहे, डिस्क, अपलोडची गती, वीज की संगणकाची ताकद, हे आधी ओळखावे आणि तेथूनच आकडे ठरवीत जावेत. मूळ चित्रण मात्र शक्य तितक्या चांगल्या दर्जाने साठवून जपून ठेवावे. पुढे वेगवान जोडणी मिळाली तर त्याच फाइलमधून अधिक चांगली प्रत काढता येते.